आमच्या फरीदाबादच्या घरातली बुखारी

लिहून घ्या ताई, माझं नाव शालन. माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तिथं पाऊस एकदा लागला की माणसाचं अंग चार महिने कोरडं होत नाही, आणि घर आमचं कौलारू, दर मे महिन्यात बाबा शाकारणीला वर चढायचे आणि मी शिडीवर उभी राहून एकेक कौल त्यांच्या हातात द्यायची, तर तेव्हाच शिकले की वरचं नेहमी खालच्यावर चढतं, मग पाणी आत येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण ह्याच शहाणपणानं पुढं माझी फजिती केली, ती येईल ओघात. शाळा सातवीपर्यंत. एकदा मनात घेतलं की सोडायचं नाही, हा गुण तेव्हापासूनचा, आई म्हणायची ही पोरगी घोरपडीच्या जातीची आहे, चिकटली की चिकटली.

लग्न झालं ते फौजीशी. आमच्या भागात घराआड एक फौजी, त्यात नवल काही नाही. हे शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निघाले, आणि मी ट्रंका बांधत आणि सोडत हिंदुस्तान बघितला. काय सांगू तुम्हाला ताई, किती क्वार्टरं बदलली, पण एक भिंत माझी म्हणायला नव्हती, खिळा ठोकायचा तर विचारावं लागायचं, कारण जाताना भिंत होती तशी करून द्यायची. म्हणून मी मनाशी धरून बसले होते की पेन्शन आली की पहिलं घर. शेवटचं पोस्टिंग दिल्ली छावणीत, आमची मुलगी वैशाली इथंच शाळेत, मग इथंच राहिलो, फरीदाबादच्या कडेला, टेकडीच्या अंगाला प्लॉट घेतला, हे एका फॅक्टरीत सिक्युरिटीवर लागले, आणि घर उभं राहिलं. त्या घरात मी पहिला खिळा ठोकला ना, त्याला टांगायला काहीसुद्धा नव्हतं. नुसता ठोकला, आणि चहा करून प्याले.

आता थंडी. इथली थंडी पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. गावाकडं थंडी पडते म्हणजे पहाटे शेकोटी केली की उन्हं येईपर्यंत भागतं. इथं धुकं बसलं की आठवडा-आठवडा ऊन नाही, फरशीतनं गारठा वर येतो, भिंतीला हात लावला तर ओली वाटते, आणि हीटर लावला तर तोंड भाजतं आणि पाठ गारठते, वर लाइट जाते ती वेगळीच. मला सोसतं. पण आमच्या ह्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं बर्फात गेलेली, वर पोस्टवर असताना काळी पडली आणि कापावी लागली, आणि उरलेली बोटंसुद्धा थंडी आली की लाकूड होतात. शर्टाची बटणं मी लावायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. फॅक्टरीची नोकरी सुटल्यावर तर दिवाळी झाली की माणूस रजईत गेला तो शिवरात्रीला बाहेर. बोलणं नाही, कुणी आलं तर बाहेर येणं नाही. आणि मग तीन वर्षांमागं म्हणाले, शालन, आता हे घर विकू, गावाला जाऊ. मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षी परत तेच. आणि परवाच्या दिवाळीत तर एका प्रॉपर्टी डीलरला सांगूनच आले, म्हणाले ही थंडी शेवटची, होळी झाली की गिऱ्हाईक बघायचं.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. गाव मला नको आहे असं नाही, गाव माझ्या हाडात आहे. पण तिथं मी सासरच्या घरात धाकटी सून, आणि इथं मी घरधनीण. आणि ह्यांना गावची ओढ नव्हती, ह्यांना थंडीनं पळवलं होतं. ओढ असती तर मी बिस्तरा बांधला असता. पळून कशाला जायचं, हे माझं म्हणणं.

तर बुखारी. बुखारी म्हणजे लोखंडाची बंद चूल, दार असलेली, आत लाकूड जळतं आणि वरनं पाइप छतातनं बाहेर जातो, धूर सगळा बाहेर आणि ऊब सगळी आत. डोंगरातल्या एका पोस्टिंगला आम्हाला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, तिथं शेजारणीकडं बुखारी होती, मी दुपारभर तिच्याकडं विणत बसायची. आमच्याकडं मात्र ह्यांनी लावू दिली नाही. कारण मला ठाऊक होतं. ह्यांचा एक जोडीदार होता, यशवंत, जावळीकडचा, एकाच गाडीतनं भरतीला गेलेले. वर बर्फात एका रात्री हे पहाऱ्यावर होते आणि यशवंत आत झोपला होता, बुखारी चालू, थंडीमुळं हवेची भोकं कुणीतरी चिंध्या कोंबून बंद केलेली. कोंडलेल्या आगीतनं जो विषारी वायू सुटतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. हे पहारा संपवून आत गेले तर तो झोपल्यासारखाच होता. हे मला ह्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं, आणि परत कधी नाव काढलं नाही.

मग मी कसं काढणार बुखारीचं नाव? पण एक सांगते ताई, नवऱ्यासोबत जन्म काढला की त्याची कळ कुठं आहे ते बाईला कळतं. आमच्या हवालदाराला चुकीचं बोललेलं सहन होत नाही. बरोबर विचारलं तर उत्तर देणार नाहीत, चुकीचं बोललं की रजईतनं तोंड बाहेर येतं. मी भाजी निवडता निवडता आपलं म्हणायची, बुखारी घ्यायची तर चांगली मोठी घ्यावी. की रजईतनं आवाज, मोठी घेऊन काय करणार, लहान खोलीत मोठी बुखारी भाजून काढते, मग तिची हवा कोंडायची, आणि कोंडलेली आग नुसती धुमसते, पाइपात काजळी धरते, लहान घ्यावी आणि मोकळी पेटवावी. अच्छा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणायची, पातळ पत्र्याची बरी, लवकर तापते. की आवाज, लवकर तापते आणि लवकर फाटते, जाड प्लेट पाहिजे आणि आतनं विटा. मग म्हटलं, पाइप खिडकीतनं बाहेर काढला की झालं. तर उठून बसले. म्हणाले धूर सरळ वर जातो, त्याला वळणं दिली की तो मागं फिरतो. असं करत करत मी अख्खी बुखारी रजईतनं बाहेर काढली, आणि ह्यांना पत्ता नाही. पत्ता होता का नव्हता, ते आता मी विचारत नाही.

शोधायला कुठं जाणार? कुणीतरी म्हणालं दिल्लीला करोल बागेत सगळं मिळतं. गेले मेट्रोनं, दिवसभर फिरले, गाड्यांचे सुटे भाग आहेत, लेहेंगे आहेत, सोनं आहे, बुखारी म्हटलं की दुकानदार मला तापाची गोळी कुठं मिळते ते दाखवतात, कारण हिंदीत बुखार म्हणजे ताप. शेवटी एक म्हातारा सरदारजी हसला, म्हणाला बहनजी, पहाडातल्या हॉटेलांना बुखाऱ्या जातात त्या सगळ्या फरीदाबादला बनतात, तुम्ही आलात कुठून? आता काय सांगायचं त्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आमच्या घरापासनं ई-रिक्षानं जाता येतं एवढ्यावर शेड होती, भाजीला जाताना रोज समोरनं जायची मी.

शेडवाला इरफानभाई, तोंडानं मोठा गोड आणि विकायला त्याहून तरबेज. समोर तीन बुखाऱ्या मांडलेल्या, एक मोठी, चकचकीत, दाराला काच, नक्षी, आणि हा म्हणतो, भाभीजी, ही घेऊन जा, पूरा घर तंदूर हो जाएगा. मी म्हटलं मला घर पाहिजे, तंदूर नको. कोपऱ्यातली लहान, जाड प्लेटची दाखवायला लावली, वाकून आत हात घातला, विटा आहेत का बघितलं, दार लावून पर्समधली तिकिटाची चिठ्ठी दाराच्या फटीत धरली आणि ओढली, सहज निघाली तर दाराच्या कडेनं बसवलेली आग न धरणारी दोरी ढिली, अडकली तर घट्ट, हेसुद्धा रजईतनंच आलेलं. अडकली. इरफानभाई बघतच राहिला, म्हणाला आपके घर में कौन फौजी है. मी म्हटलं मीच.

वैशाली दिल्लीत मयूर विहारला असते, नवरा-बायको दोघं ऑफिसला जातात. तिला फोन केला तर ती ओरडली, आई, दिल्लीची हवा बघितलीस का, लाकूड जाळायचं म्हणतेस, लोक कम्प्लेंट करतील. तिचं चूक नव्हतं. इथं थंडीत आभाळ कसं होतं ते मी पण बघते, माझा पण घसा धरतो. मी म्हटलं, विचारून करीन. म्युनिसिपालिटीत विचारून आले, आणि घरचा कायदा केला तो असा की ज्या दिवसांत हवा खराब म्हणून मनाई असते त्या दिवसांत बुखारी बंद, रजई चालू, काही रडायचं नाही, आणि एरवीसुद्धा पेटल्यावर धुराड्यातनं धूर दिसता कामा नये, दिसला तर चूक माझी. मग वैशाली नरमली, आणि तिनंच तो वायूचा अलार्म मागवून दिला, भिंतीला लावायचा, वायू झाला की बोंबलतो. नातू म्हणतो, आजी, सरपण मतलब? म्हटलं ये थंडीत, दाखवते.

ह्यांना शेवटी सांगावंच लागलं, बुखारी काही साडीच्या घडीत लपत नाही. टेम्पोतनं उतरताना बघितली, आणि आत जाऊन रजई ओढली. संध्याकाळी म्हणाले, लाव तुला लावायची तर, पण मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही, आणि होळीनंतर घर विकायचं ते विकायचं. मी म्हटलं बरं.

मग मी उभी राहून लावून घेतली. पुढच्या खोलीत, भिंतीपासनं लांब, खाली कडप्प्याची लादी. स्लॅबला भोक पाडलं, माझ्याच घराला मी भोक पाडत होते, पण मिस्त्रीनं आधी गज कुठं आहेत ते बघून बरोबर पाडलं, पाइपाभोवती मोठा पत्रा आणि मधे आग न धरणारी लोकर भरली. धुराडं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या वर काढलं, डोक्यावर टोपी. आणि जमिनीलगत भिंतीत हवेची जाळी बसवली, बाहेरून ताजी हवा यायला, आणि मिस्त्रीला सांगितलं, ही अशी बसव की कुणाच्या बापाला चिंधी कोंबता येणार नाही. सगळं मी रजईला विचारून केलं होतं. एकच गोष्ट विचारली नाही, कारण ती मला येत होती. पाइपाचे तुकडे एकात एक घालायचे होते. मिस्त्री म्हणाला, कसे घालू? मी म्हटलं हे काय विचारणं झालं, वरचा खालच्यावर चढव, आमच्याकडं कौलं तशीच, पन्हळ तशीच, पाणी आत यायला नको. त्यानं चढवले.

पेटवली. आता चुलीवर वाढलेली बाई मी, चुलीचं तोंड उघडं असतं, जाळ दिसला पाहिजे, पुढं सरकवता आला पाहिजे, तर मी बुखारीचं दार उघडंच ठेवलं, आणि धूर सगळा खोलीत. समोरची बिमला धावत आली, ती इथलीच, हरियाणाची, दारात उभी राहून म्हणते, अरी मराठण, यो के लगवा लिया तन्नै? तिच्या स्वतःच्या अंगणात शेणीच्या हाऱ्यावर, म्हणजे मातीच्या शेगडीवर, दिवसभर दूध तापत असतं, त्याचा धूर सगळा आमच्याकडं, तो चालतो. दार लावलं तर जरा बरं. लाकूड टेम्पोवाल्यानं आणून दिलेलं, वखारीतलं, म्हणाला बिल्कुल सूखा, आणि ते आत जाऊन सूं सूं आवाज करत होतं. दोन-तीन दिवस गेले आणि पाइपाच्या सांध्यातनं काळा ओघळ सुटला. डांबरासारखा. बुखारीवर टपकायचा आणि चर्र करायचा, भिंतीवर आला, मी आत्ताच रंगवलेल्या भिंतीवर, आणि वास असा की नाक धरावं. मी रोज पुसायची, रोज परत.

आणि हे काय करत होते? खोलीत येत नव्हते, खरं. पण झोपतही नव्हते. मी आत बुखारीपाशी बसले की हे बाहेर पडवीत खुर्ची टाकून, शाल गुंडाळून, दार उघडं धरून माझ्याकडं बघत बसायचे. मी म्हटलं अहो, जा की रजईत. म्हणाले, तू विझव, मग जातो. ताई, ज्याच्यासाठी मी आग आणली तो दारात कुडकुडत बसलेला, हात काखेत, ओठ निळे. मला रडायला आलं, पण रडले नाही, दुसऱ्या दिवशी भिंत पुसायला घेतली. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी स्टुलावर चढून त्या ओघळाला फडकं लावत होते, आणि मागनं आवाज आला, इतका जवळनं की मी दचकले.

उलटा बसवलाय, म्हणाले.

मी वळून बघितलं तर खोलीत उभे, कडप्प्याच्या कडेशी. मी म्हटलं, उलटा कसा, वरचा खालच्यावर आहे, पाणी येणार नाही. तर हे म्हणाले, पाणी वरनं येतं, त्याला टोपी आहे. हे आतनं येतं. ओल्या लाकडाचा रस आहे हा, धुराबरोबर वर जातो, पाइप गार असला की तिथं जमतो आणि खाली उतरतो. वरचा पाइप खालच्याच्या पोटात गेला तर तो रस आतल्या आत परत आगीत पडतो आणि जळून जातो. तू बाहेर वाट करून दिलीस त्याला. हे एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकलं असेल. बाबांचं कौल पहिल्यांदा खोटं पडलं, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. बिमला आजपण म्हणते तू मुद्दाम उलटा बसवलास, मराठण लई चालू. मी नाही म्हणत नाही. म्हणू दे.

बुखारी गार झाली तसे हे शर्टाच्या बाह्या सरसावून बसले. सगळा पाइप उतरवला, गच्चीवर नेला, आतनं ब्रश मारला, खाली पोतं बांधून, आणि परत लावला, वरचा खालच्याच्या पोटात, प्रत्येक सांध्याला स्क्रू. बोटं वळत नव्हती, स्क्रू निसटत होते, मी धरायला गेले तर म्हणाले, राहू दे. मग लाकडं. दोन ओंडके घेतले, एकमेकांवर आपटले, थप असा आवाज आला. म्हणाले हे वाळलेलं नाही, वाळलेलं टण वाजतं. वखारीत मी पण गेले ह्यांच्या बरोबर, ह्यांनी त्या वखारवाल्याची अख्खी रास वाजवून बघितली, तो म्हणाला फौजी साब, लाकूड घेताय का तबला, पण टण वाजणारं तेवढंच आणलं. आणि मी राख काढते त्यावरनं भांडण झालं. आमच्या आईनं शिकवलेलं, चूल सकाळी झाडून सारवून मगच पेटवायची, शिळ्या राखेवर पेटवायची नाही. मी तशीच बुखारी घासून पुसून लखलखीत करायची. हे म्हणाले, दोन बोटं राख राहू दे, निखारा त्यावर टिकतो आणि खालचं लोखंड जळत नाही. मी म्हटलं घाण दिसते. हे म्हणाले, तुला दिसायला पाहिजे का तापायला? तीन दिवस आम्ही त्या राखेवरनं भांडलो, ताई, आणि मला इतकं बरं वाटत होतं भांडताना. राख राहिली.

त्यानंतर पेटवली ती पेटलीच. गच्चीवर जाऊन बघितलं, टोपीवर नुसती हवा थरथरते, धूर नाही. बिमलासुद्धा बघून गेली, काही बोलली नाही, म्हणजे पास. झोपायच्या आधी विझवायची, निखारा पुरता गार झाल्याशिवाय ह्यांचं अंथरूण नाही, अलार्म दर रविवारी बटण दाबून ओरडवून बघायचा, हे ह्यांचं, ह्यात कुणाचं काही चालत नाही, आणि चालूही नये. खुर्ची आधी दारात होती. मग दाराच्या आत आली. मी बघत नाही असं दाखवायची आणि बघत असायची. नाताळाच्या सुमाराला धुकं बसलं, ऊन गेलं, आणि एके दिवशी मी स्वयंपाकघरातनं बाहेर आले तर हे बुखारीच्या बाजूला बसून परातभर मटार सोलत होते. इथं थंडीत मटार म्हणजे पोत्यानं येतो, घराघरात सोलत बसतात सगळे, आणि ह्या माणसानं इतक्या थंड्यांत एक शेंग फोडली नव्हती. शर्टाची बटणं बघितली, वरपर्यंत लावलेली. मी लावली नव्हती.

मग संक्रांत. इथं तिळाचे लाडू करायचे म्हणजे शिक्षा, गुळाचा पाक गॅसवरनं उतरवला की परातीतच दगड होतो, चार वळेपर्यंत बाकीचे फोडायला बत्ता लागतो. मी म्हटलं यंदा परात बुखारीपाशी घ्यायची. आणि पाक मऊ राहिला की हो, मी वळते, हे वळतात, गरम गरम, तुपाचा हात लावून, आणि ह्यांचे लाडू माझ्यापेक्षा गोल, दोन पेरं कमी असून. हळदीकुंकवाला छावणीतल्या बायका बोलावल्या, साताऱ्याच्या, सांगलीच्या, एक कोल्हापूरची, नवऱ्याची नुकती बदली होऊन आलेली, थंडीनं काकडलेली, आणि बिमला. वैशाली नातवाला घेऊन आली. दरवर्षी बायका यायच्या, वाण घ्यायच्या आणि पळायच्या. ह्या वर्षी स्वेटर काढून बसल्या, उठेनात, उखाण्यांवर उखाणे, आणि बिमलानंपण हरियाणवीत नवऱ्याचं नाव घेतलं, आम्हाला एक अक्षर कळलं नाही आणि आम्ही हसून लोळलो. कोल्हापूरची ह्यांना विचारते, काका, ह्याचा धोका नसतो का? मला वाटलं आता संपलं. तर हे म्हणाले, असतो. आणि तिला जाळी दाखवली, अलार्म दाखवला, आणि म्हणाले, माझा एक दोस्त होता, यशवंत, जावळीचा. आणि सगळं सांगितलं. भरल्या खोलीत, बायकांसमोर. मी उठून आत गेले आणि पदर तोंडाला लावला, हे तुम्ही लिहा, लपवायचं काय त्यात, मला जिंकल्यासारखं वाटलं आणि रडू पण आलं.

पण घराचं? ते तसंच. मी विचारलं नाही, विचारलं की हवालदार हट्टाला पेटतो. होळी झाली आणि तो डीलर गिऱ्हाईक घेऊन हजर, नवरा-बायको, चांगली माणसं, घर आवडलं त्यांना. त्या बाईनं बुखारी बघितली, म्हणाली ये भी साथ में मिलेगी? हे म्हणाले, मिळेल, पण दर महिन्याला गच्चीवर चढून पाइप घासायला लागतो, लाकूड वाजवून घ्यायला लागतं, दाराची दोरी बदलायला लागते, राख अमुकच ठेवायला लागते, आणि ही पेटलेली असली की एका माणसानं जागं राहायला लागतं. ती बाई नवऱ्याकडं बघायला लागली. डीलर म्हणाला, साब, आप बेचना चाहते हैं या नहीं? हे म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय, हो का नाही, मला कळेना. एप्रिल गेला. डीलरचा फोन यायचा, हे बाहेर जाऊन बोलायचे.

मे महिना. तापलेल्या वाऱ्याची लू चाललेली, दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही, कूलरपुढं बसलं तरी घाम. आणि दारात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, ट्रॉली भरून लाकूड. ओलं, नुकतं कापलेलं, अजून वास येत होता. मी म्हटलं पत्ता चुकलास बाबा, ह्या उन्हात कोण लाकूड घेतं. तर हे आतनं गमछा गुंडाळून बाहेर आले, म्हणाले, उतरव, भिंतीकडंला. बिमला तिच्या दारातनं बघते, तिला वाटलं फौजीला ऊन लागलं. मी म्हटलं अहो, हे ओलं आहे, हे कशाला?

हे म्हणाले, आत्ता ओलं आहे. अख्खा उन्हाळा खाल्ला की थंडीपर्यंत टण वाजंल.

मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, कुठल्या थंडीपर्यंत? माझ्याकडं न बघता म्हणाले, येणाऱ्या, आणि तू उभी काय राहिलीस, खाली विटा मांड, लाकूड जमिनीला टेकता कामा नये, वर पत्रा पाहिजे, आणि बाजू मोकळ्या. आणि गाव? म्हटलं. म्हणाले, गणपतीला जाऊन येऊ.

मी विटा मांडल्या. त्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, घामानं चिंब होऊन आम्ही दोघांनी ती सगळी ट्रॉली रचली, आणि माझ्या आयुष्यात मला इतका सुखाचा घाम आला नव्हता, खरं सांगते. ती बघा ताई, तुमच्या मागच्या खिडकीतनं दिसते ती रास. आता पाऊस सुरू होईल, पत्रा हे स्वतः बघतात, माझ्यावर सोडत नाहीत. डीलरला ह्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण तो परवा बाजारात भेटला आणि मला बघून रस्ता बदलून गेला. देवानं मला एवढं दिलं, आता मागायचं काही नाही. तुमच्या पण घरातली माणसं उबेत राहू देत, हात चालते राहू देत, आणि थंडीत या, लाडू वळायचे असतात, एक हात कमीच पडतो.